हाडं बाहेर, जीव आत: कोळंबी, चिंबोरी आणि त्यांचं सगळं खानदान

कोळंबी सोलताना पाठीवर चीर देऊन काळा दोरा ओढून काढायचा असतो हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण तीच कोळंबी उलटी करून पोटाकडून नीट बघितलीत तर तिथे अजून एक दोरा सापडतो, बारीक, पांढरट, मधेमधे छोट्या गाठी असलेला. पाठीतला काळा दोरा म्हणजे तिचं आतडं, त्यात तिने खाल्लेलं काय काय असतं म्हणून तो काढायचा. पोटाकडचा पांढरा दोरा म्हणजे तिची मज्जा, मेंदूचे निरोप शेपटीपर्यंत नेणारी मेन लाइन. आपल्याकडे बरोब्बर उलटं आहे, मज्जारज्जू पाठीत आणि आतडी पोटात. आणि हृदय कुठे? तर आपण मुंडकं म्हणून जे मोडून टाकतो त्याच्या मागच्या भागात, वरच्या बाजूला, कारण ते नुसतं डोकं नसतंच, डोकं आणि छाती एकत्र जुळून एका कवचाखाली गेलेली असतात.

तर टोपलीत बांगड्याच्या शेजारी बसली म्हणून कोळंबी मासा होत नाही. बांगड्याला पाठीचा कणा आहे, त्या हिशोबाने बांगडा तुमच्या-माझ्या जास्त जवळचा. कोळंबी ज्या खानदानातली आहे त्याला पुस्तकात संधिपाद म्हणतात, सांधे असलेल्या पायांचे प्राणी, आणि त्यात किडे, कोळी, विंचू, गोम सगळे येतात. आतापर्यंत नाव देऊन झालेल्या संधिपादांच्या जातीच दहा लाखांच्या वर आहेत. जमिनीवर यातल्या किड्यांचं राज्य आणि समुद्रात कवचधाऱ्यांचं, म्हणजे जवळा, करंदी, कोळंबी, शेवंड (लॉबस्टर), चिंबोऱ्या (खेकडे) वगैरे मंडळींचं. कालवं, तिसऱ्या, शिनाणे हे शिंपलेवाले आणि माकूल (स्क्विड) ही मात्र यात नाहीत हं, ती मृदुकाय, त्यांना ना सांध्यांचे पाय ना कात टाकायची भानगड. शिंपल्याची कडा वाढत जाते आणि आतला जीव तिच्याबरोबर वाढतो, विषय संपला.

गंमत म्हणजे जमिनीवर लाखोंच्या संख्येने जाती असलेले किडे खुल्या समुद्रात जवळजवळ नाहीतच, हॅलोबॅटिस नावाचे पाण्यावर चालणारे थोडे किडे सोडले तर. आणि गेल्या काही दशकांत जनुकं तपासून असं निघालंय की किडे हे कवचधाऱ्यांच्याच पोटातून आलेली शाखा आहे. म्हणजे झुरळाचं नातं कोळ्यापेक्षा कोळंबीशी जवळचं. ऐकून जेवण जाणार नसेल तर अजून एक सांगतो, कोळंबी खाऊन ज्यांच्या अंगावर पित्त उठतं त्यांना बहुतेक वेळा तिच्या स्नायूतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन सोसत नसतं, आणि तसंच प्रोटीन झुरळात आणि घरातल्या धुळीतल्या माइट्समध्ये पण असतं, त्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याची निघणं यात नवल नाही. उलट हॉर्सशू क्रॅब, जो ओडिशाच्या किनाऱ्याला सापडतो, तो नावाने क्रॅब पण खेकडा नाहीच, तो कोळी-विंचवाच्या बाजूचा.

आता मुद्द्यावर येतो. या प्राण्यांचं जे जे काही विचित्र वाटतं ते जवळपास सगळं एका गोष्टीतून निघतं, की यांचा सांगाडा बाहेर आहे. आपली हाडं आत आणि त्यावर मांस, यांचं मांस आत आणि त्यावर सांगाडा. तो कायटिन नावाच्या पदार्थाचा असतो, चिंबोरी-शेवंडीत त्यात कॅल्शियम कार्बोनेट भरून तो दगडासारखा होतो, जवळ्यात एवढा पातळ राहतो की आपण सगळाच्या सगळा चावून खातो. नांगीचं मांस काढताना मधे एक चपटी पांढरी पट्टी लागते बघा, प्लास्टिकची वाटते, ती सांगाड्याचीच आत गेलेली पट्टी आणि नांगी मिटायचा मोठा स्नायू तिलाच धरून असतो. चिंबोरीच्या नांगीत जोर येतो तो तिथून.

कडक नळकांडं वाकत नाही म्हणून जागोजागी सांधे, आणि सांध्याच्या जागी कवच मऊ. मग एकदा सांध्यांचे पाय मिळाले की या लोकांनी त्याचं काय काय केलंय बघा. कोळंबीला डोक्यावर मिशांच्या दोन जोड्या (किड्यांना एकच असते), मग जबडे, मग घास धरायचे छोटे पाय, मग चालायचे पाच जोड, मग पोटाखाली पोहायचे पाच जोड आणि शेवटी शेपटीचा पंखा, हे सगळे मुळात पायच, एकाच ठशातून निघालेले. चिंबोरीचे पुढचे दोन पाय नांग्या झाले, आणि समुद्रातल्या ज्या पोहणाऱ्या चिंबोऱ्या असतात, तीन ठिपक्यांची किंवा पाठीवर क्रॉसची खूण असलेली, त्यांच्या मागच्या शेवटच्या जोडीकडे बघा, टोकं चपटी, खास पाणी मारायला. खाजणातल्या चिखलात नर फिडलर खेकड्याची एक नांगी अंगाएवढी मोठी, ती फक्त माद्यांना हलवून दाखवायला आणि भांडायला, जेवायला बिचाऱ्याकडे एकच छोटी, मादी दोन्ही हातांनी जेवते. शेवंडीला तर नांग्याच नाहीत, तिची भिस्त काटेरी लांब मिशांवर. त्या मिशांच्या बुडाशी घासून ती कर्रकर्र आवाज पण काढते, शत्रूला बिचकवायला, आणि कात टाकून अंग मऊ असतानाही तिला तो काढता येतो.

बाहेरचा सांगाडा घेतला म्हणजे एक मोठी अडचण आलीच, ती म्हणजे वाढायचं कसं. कवच ताणत नाही. पोराचा पाय वाढतो पण बूट वाढत नाही, आणि दुकानात आई एक नंबर मोठाच बूट घेते, तसलाच कारभार चिंबोरीचा. जुन्या कवचाच्या आत ती आधी नवं मऊ कवच तयार करते, घड्या पडलेलं. जुन्यातलं कॅल्शियम शक्य तेवढं परत अंगात ओढून घेते. मग पाणी शोषून फुगते, पाठीचं झाकण आणि पोटाकडची दुमडलेली शेपटी यांच्या मधे मागच्या बाजूने फट पडते, आणि त्या फटीतून ती उलटी, म्हणजे मागे मागे सरकत बाहेर येते. सगळ्यात कठीण काम नांगीचं. एवढी मोठी नांगी बारीक सांध्यातून काढायची म्हणजे आतलं पाणी खेचून घेऊन मांस आक्रसवावं लागतं. डोळ्यांवरचं आवरण निघतं, मिशा निघतात, कल्ल्यांवरचा पापुद्रा निघतो, आणि पोटात अन्न दळायला जे दात असतात (हो, चिंबोरीला पोटात दात असतात) ते सुद्धा अस्तरासकट निघून येतात. काही जीव या खटपटीतच मरतात. ओहोटीला खडकात अख्खी चिंबोरी पडलेली दिसते, उचलली तर हलकी, आत काहीच नाही, तिथे चिंबोरी मेलेली असेलच असं नाही, बऱ्याचदा ती टाकलेली कात असते आणि मालकीण जवळच कुठल्यातरी कपारीत मऊ अंगाने लपून बसलेली असते.

बाहेर आल्यावर ती अजून पाणी पिऊन फुगते, म्हणजे नवं कवच मोठ्या मापात सुकावं, आणि मग मांस हळूहळू भरत जातं. कवच टणक व्हायला काही दिवस जातात. खाडीतल्या काळ्या चिंबोरीची मादी समागमही याच मऊ अवस्थेत करते, नर तिला आधी काही दिवस पोटाखाली धरून फिरतो, कात पडेपर्यंत सोडत नाही. पाय तुटला तरी फार बिघडत नाही, मुळाशी ठरलेल्या जागी तो मोडतो, तिथे पडदा असतो म्हणून रक्त वाहून जात नाही, आणि पुढच्या एक-दोन कातींत नवा पाय येतो, आधी बारका मग पूर्ण. म्हणून बाजारात एक नांगी मोठी आणि एक छोटी असलेली चिंबोरी दिसते ती काही वेगळी जात नसते.

कात कधी टाकायची हे ठरतं कुठून, तर डोळ्याच्या देठातून. खेकड्या-कोळंबीचे डोळे देठावर असतात आणि त्या देठात एक ग्रंथी असते जी कात थांबवून धरणारं हार्मोन सोडते, अंडी पिकू न देणारं पण तिथूनच. आता याचा उपयोग माणसाने काय केला तर कोळंबीच्या हॅचरीत मादीचा एक डोळा देठापासून काढून टाकतात, की ती लवकर अंड्यावर येते. जगभर ही पद्धत चालत आलीय. मला ती पटत नाही, धंद्याचं गणित समजतं, तरी पण. आपल्याकडे शेततळ्यात जी व्हॅनामी कोळंबी येते ती मुळात पॅसिफिकच्या पलीकडच्या, अमेरिकेच्या किनाऱ्याची, भारतात तिला २००९ मध्ये परवानगी मिळाली, तोपर्यंत टायगर प्रॉन्सचा जमाना होता.

कातीबरोबर जाणारी अजून एक वस्तू म्हणजे तोल. कोळंबीच्या छोट्या मिशांच्या बुडाशी एक पोकळी असते, तिच्यात वाळूचे कण असतात, ते ज्या बाजूला टेकतात ती खालची बाजू हे तिला कळतं. कात टाकली की ते कण पण जातात आणि तिला नवी वाळू आत भरावी लागते. १८९३ मध्ये आलोइस क्राइडल नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने कात टाकलेल्या कोळंब्यांना वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला, त्यांनी तोच आत भरला, आणि मग त्याने वरून लोहचुंबक धरलं तर त्या उलट्या पोहायला लागल्या. वर म्हणजेच खाली, अशी त्यांची पक्की समजूत.

रक्ताचं थोडक्यात सांगतो. यांच्या रक्तात लोखंडाऐवजी तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, ऑक्सिजन घेतला की निळसर. बहुतेक रक्त नळ्यांत बंद नसतं, अवयवांच्या आजूबाजूला मोकळं खेळतं. चिंबोरी साफ करताना दोन बाजूंना राखाडी पिसांचे जे झुबके काढून टाकतो ते कल्ले. ते ओले राहिले की चिंबोरी पाण्याबाहेर पण जगते, म्हणून तर सुतळीने बांधलेली, ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली चिंबोरी दुसऱ्या दिवशी पण मार्केटमध्ये डोळे हलवत असते. वाळूतले पांढरे पळकुटे खेकडे, जे वेळासला कासवाच्या पिल्लांवर टपून असतात, तेही अधूनमधून पाण्याजवळ जाऊन कल्ले भिजवून येतात.

आणि शिजवल्यावर लाल का? तो लाल रंग आधीपासूनच असतो, अ‍ॅस्टाझँथिन नावाचा, खाण्यातून आलेला. कच्च्या कवचात तो एका प्रोटीनला घट्ट बांधलेला असतो म्हणून निळसर-करडा दिसतो, चुलीवर प्रोटीन बिघडलं की रंग सुटतो. गाजरातल्या रंगाचा नातेवाईकच तो.

यांचं बालपण हा वेगळाच प्रकार आहे. चिंबोरीचं पिल्लू चिंबोरीसारखं अजिबात दिसत नाही. मादी अंडी शेपटीखाली धरून फिरते, लाखोंनी, आधी नारिंगी आणि फुटायच्या वेळी काळपट. (कोळंबी धरत नाही, ती सरळ पाण्यात सोडून मोकळी.) अंड्यातून निघतो तो झोइया, मिलिमीटरभर, डोक्यावर लांब काटा, मोठे डोळे, पाण्यात तरंगणारा. हे इतकं वेगळं ध्यान आहे की पूर्वी शास्त्रज्ञांनी झोइयाला स्वतंत्र प्राणी समजून वेगळं नाव दिलं होतं. शेवंडीचं पिल्लू तर काचेच्या पापुद्र्यासारखं चपटं, आणि ते महिनोन् महिने समुद्रात वाहत असतं, कुठल्या किनाऱ्याला लागेल याचा नेम नाही. म्हणून शेवंडीची शेती कोळंबीइतकी सोपी नाही, आणि समुद्रातली संपली की संपली. मुंबईच्या समुद्रातला चपटा सँड लॉबस्टर ट्रॉलरच्या जाळ्यांनी अंडेवाल्या माद्यांसकट उपसला आणि १९९० च्या दशकात तो धंदाच बसला. काटेरी शेवंडीला निर्यातीसाठी जातीप्रमाणे किमान वजनाची अट २००३ पासून आहे, लोकल बाजारात मात्र तराजूला कोण विचारतंय.

पिल्लाच्या रूपावरूनच एका मोठ्या गोंधळाचा उलगडा झाला, तो बार्नेकलचा. खडकावर अनवाणी चाललात आणि पायाला पांढरं धारदार काही कापलं तर एकतर ते कालव किंवा बार्नेकल. होडीच्या बुडाला पण हाच बसतो, तासून तासून जीव जातो. कवच बघून लोकांनी त्याला शंख-शिंपल्यांत घातलेलं, पण १८३० च्या सुमारास जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी बघितलं की पाण्यात पोहणारं एक कोळंबीछाप पिल्लू खडकाला डोकं टेकवतं, मिशांमधून सिमेंट सोडून चिकटतं आणि बार्नेकल होतं. म्हणजे हा प्राणी जन्मभर डोक्यावर उभा. पायांचं काय केलं? ते त्याने पिसांसारखे केले आणि तेच पाण्यात मारून तो अन्न तोंडात ओढतो. भरतीचं पाणी चढायला लागलं की एखाद्या खडकातल्या डबक्याशी बसून बघा, वरचं झाकण उघडतं, केसाळ पाय बाहेर येतात, एक झटका, परत आत, परत बाहेर. डार्विनने यांच्या मागे १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं घालवली. हलता येत नसल्याने शेजाऱ्यापर्यंत पोचायचा प्रश्न होता, तो त्यांनी असा सोडवला की शरीराच्या मानाने प्राणिजगतातलं सगळ्यात लांब लिंग बार्नेकलचं आहे. डार्विनसाहेबांनी हे पण नोंदवलंय, सभ्य भाषेत.

बार्नेकलच्याच घराण्यात सॅक्युलिना म्हणून एक नग आहे, तो खडकाला नाही, खेकड्याला धरतो. त्याची मादी पिल्लू असताना खेकड्याच्या अंगात शिरते, आत मुळं पसरते आणि मग शेपटीखाली, जिथे अंडी असायची तिथे, एक पिवळट पिशवी बाहेर काढते. खेकडा नपुंसक होतो, कात टाकणं बंद होतं, आणि ती पिशवी आपलीच अंडी समजून तो साफ करत बसतो. नर खेकड्याला धरलं तर त्याची शेपटी मादीसारखी रुंद व्हायला लागते आणि तोही ती पिशवी सांभाळतो. एवढं सगळं करणाऱ्याला ना पाय, ना डोळे, ना तोंड, मोठेपणी त्यात संधिपाद म्हणावं असं काहीच शिल्लक नाही, पिल्लू बघूनच कळतं.

पुळणीवर ओहोटीला वाळूच्या बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते, बिळाभोवती, ती वाटाण्याएवढ्या खेकड्यांची. वाळू तोंडात घ्यायची, कणांवरचं खाण्यासारखं तेवढं चाटून घ्यायचं, उरलेल्याची गोळी करून मागे टाकायची, आणि भरती यायच्या आत जमेल तेवढं उरकायचं. शंखातला खेकडा तुम्हाला माहीतच आहे, त्याने पोटाकडचं कवच सोडून दिलंय, म्हणून दुसऱ्याचं घर लागतं. बंदराच्या भिंतीवर झुरळासारखं सुळसुळ पळतं ते लिगिया, तेही यांच्यातलंच.

आणि जवळा. जवळ्याला कोण विचारतो, सुकट करून चटणीत टाकायचा. पण डोल जाळीत, म्हणजे प्रवाहात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, ओहोटी-भरतीच्या ओढीने जो ढीग येतो त्यात जवळा नसेल तर बोंबील पण नसतील, कारण बोंबील मुख्य करून जवळा आणि अंबाड नावाची छोटी कोळंबीच खातो. त्याच्याही खाली, सहज डोळ्याला न दिसणारे कोपेपॉड, तेही संधिपाद, मिलिमीटरभर, समुद्रातलं शैवाल खाऊन माशांच्या पिल्लांचं पोट भरणारे.

आता बाजारात उपयोगी पडेल असं. चिंबोरी अमावास्येची भरलेली आणि पुनवेची पोकळ असं आपल्याकडे सगळे सांगतात, मी भांडत नाही, पण पोकळ चिंबोरी म्हणजे नुकतीच कात टाकलेली चिंबोरी, मोठ्या कवचात पाणी जास्त आणि मांस कमी, आणि ते कवच बघून कळतं, तिथी बघून नाही. पोटाकडची बाजू एकदम पांढरी चकचकीत, नांगीचे दात टोकदार, पायाच्या मुळाशी अंगठ्याने दाबलं तर दबतंय, तर सोडून द्या. पोट मळकट, नांगीचे दात झिजलेले, पाठीवर एखादा बार्नेकल चिकटलेला असेल तर उत्तम, कारण बार्नेकल बसून वाढायला वेळ लागतो, म्हणजे तेवढे दिवस कात टाकलेली नाही, आत मांस भरलंय. शेपटीचं झाकण निमुळतं तो नर, नांग्यांत मांस जास्त, रुंद गोल ती मादी, आत नारिंगी गाभोळी, म्हणजे न घातलेली अंडी, असू शकते. झाकणाच्या बाहेर अंड्यांचा घोस लोंबत असेल तर ती घेऊ नका, चवीला पण त्यात काही नाही.

या पोकळ चिंबोऱ्यांचा आता धंदा पण होतो. सिंधुदुर्गात खाडीच्या कडेला, कांदळवनाजवळ, जाळीच्या कुंपणात किंवा एकेका खणाच्या पेटीत पोकळ चिंबोऱ्या स्वस्तात घेऊन ठेवतात, स्वस्त मासळी खायला घालतात, दोन-चार आठवड्यांत मांस भरतं आणि भाव वाढतो. वेगळी का ठेवायची, तर एकत्र ठेवल्या आणि एकीने कात टाकली तर बाकीच्या तिला सकाळपर्यंत ठेवत नाहीत.